फ्रिटची निवड (मातीच्या भांड्यांची रंगसजावट)

गारगोटीची पूड, टाकणखार, सोडा, चुनखडी इत्यादी द्रव्ये एकत्र वितळवून, तो रस पाण्यात ओतून तडकवलेली आणि मग बारीक दळलेली काच म्हणजे फ्रिट. ती झिलईत, म्हणजे भांड्यावरील काचेसारख्या चकचकीत थरात, आणि भांड्यांच्या रंगांत मिसळतात. टाकणखार व सोडा कच्चेच वापरले तर ते पाण्यात विरघळतात आणि भांडे सुकताना पाण्याबरोबर सरकून कडांवर साचतात. काचेत बांधले गेल्यावर हा दोष जवळजवळ उरत नाही.

देवगिरी (दौलताबाद) किल्ल्यातील चांदमिनार व चिनी महाल झिलईदार फरशांनी सजवले होते, तरी मराठवाड्यातील कुंभारांचे माठ आणि रांजण बिनझिलईचेच असतात. सच्छिद्र भिंतीतून पाणी पाझरून उडाल्यानेच आतले पाणी गार होते, म्हणून तेथे झिलई नसणेच योग्य. फ्रिटचा प्रश्न येतो तो शोभेच्या वस्तू, ताटल्या व फरशा यांच्या बाबतीत. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या येथील लोहयुक्त मातीचे भांडे लाल भाजते आणि फार उच्च तापमानाला टिकत नाही. त्यामुळे सुमारे १००० ते १०६० अंश सेल्सिअसला मऊ होऊन धरणारे बोरॉनयुक्त फ्रिट सोयीचे ठरते, आणि उजळ रंगांसाठी खाली पांढऱ्या मातीचा थर द्यावा लागतो.

तथापि केवळ वितळणबिंदू पाहून केलेली निवड बहुधा फसते, कारण रंगाचा फ्रिटमधील घटकांशी रासायनिक संबंध असतो. क्रोम व कथिल यांच्या गुलाबी रंगाला भरपूर कॅल्शियम लागते, तर जस्ताने तो नष्ट होतो; क्रोमचा हिरवा रंगही जस्ताच्या सान्निध्यात तपकिरी होतो. तांब्यापासून फिरोजी छटा हवी असेल तर सोडियमबहुल फ्रिट घ्यावे लागते, पण सोडियममुळे काचेचे प्रसरण वाढून थंड होताना तिच्यावर केसासारख्या बारीक भेगा पडतात. झिलईखालच्या रंगात फ्रिटचे काम रंग भांड्याला चिकटवण्यापुरतेच असते. ते कमी पडले तर रंग भुकटीसारखा सुटतो आणि वरची झिलई गोळा होते. जास्त झाले तर रेषा फिसकटतात. ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) नसलेले फ्रिट विशेष पातळ वाहते, म्हणून त्यात केओलीन (ॲल्युमिनायुक्त पांढरी चिनी माती) मिसळतात.

शिसेयुक्त फ्रिट चकाकी उत्तम देते, परंतु चिंच, लोणचे किंवा ताक यांतील आम्लाने शिसे पाझरू शकते. अन्नाच्या भांड्यांसाठी ते टाळावे.