माथ्यावर वेग शून्य, पण त्वरण शून्य नव्हे

सरळ वर फेकलेला चेंडू माथ्यावर क्षणभर थांबतो, म्हणून तिथे त्याचं त्वरणही (वेग बदलण्याचा दर) शून्य असतं, हा समज वर्षानुवर्षं एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरतोय. तो चूक आहे, आणि अकरावीत गेल्यावर मुलांना फार जड जातो.

मांडवीच्या पुळणीवर उभं राहून चेंडू सेकंदाला ९.८ मीटर वेगाने वर फेका. हवेचा अडथळा तूर्त बाजूला ठेवू. अर्ध्या सेकंदाने वेग ४.९, एका सेकंदाने शून्य, दीड सेकंदाने पुन्हा ४.९, पण खालच्या दिशेने. दर अर्ध्या सेकंदाला बदल तेवढाच. माथ्यावर त्वरण खरोखर शून्य झालं असतं, तर चेंडू ४.९ मीटर उंचीवर तसाच लटकून राहिला असता!

उलट बाजू कोकण रेल्वेत दिसते. सरळ रुळावर गाडी ताशी ९० किलोमीटरच्या एकसमान वेगाने धावते, तेव्हा वेग भरपूर, त्वरण शून्य. रत्नागिरी स्टेशनातून सुटते त्या क्षणी वेग शून्य, त्वरण मात्र आहे.

‘त्वरण ऋण म्हणजे चाल (दिशा सोडून वेगाचं नुसतं माप) कमी होणार’ हाही त्यातलाच प्रकार. वरची दिशा धन धरली, तर चेंडूचं त्वरण जाता-येता ऋणच. तरी खाली येताना चाल वाढते, कारण तेव्हा वेगही ऋण असतो.

शिक्षकांना कळकळीची विनंती: सूत्रांआधी वेग-काल आलेख मुलांकडूनच काढून घ्या. रेषा शून्य ओलांडून सरळ खाली जाते, तिचा उतार, म्हणजेच त्वरण, कुठेच बदलत नाही, हे त्यांना बोट ठेवून दाखवता येतं.