दहा मीटरखालची धरणं

जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्याहून मुरबाड किंवा शहापूरकडे गेलात, तर डोंगराच्या कुशीत एखादं टुमदार तळं दिसतं. नीट पाहिलं तर त्याची एक बाजू सरळ रेषेत असते आणि तिच्यावर गवत माजलेलं असतं. तो मातीचा बांध. फार्महाऊस, रिसॉर्ट किंवा प्लॉट पाडून विकणाऱ्या एखाद्या मालकाने ओढा अडवून घातलेला. उंची सहा-सात मीटर. लोक त्याला तळं म्हणतात, पण अभियांत्रिकीच्या हिशेबात ते धरण आहे, आणि त्याच ओढ्याच्या काठाने खाली पाडा, रस्ता, मोरी, कधी नवी चाळ असते.

आपल्या नळाला येणारं पाणी ज्या धरणांतून येतं त्यांचे मालक ठाऊक आहेत. भातसा राज्य सरकारचं, बारवी एमआयडीसीचं, मोरबे नवी मुंबई महापालिकेचं. दिघ्यात इलठणपाड्याचं ब्रिटिशकालीन धरण रेल्वेचं आहे. लोणावळ्याकडची वळवण, ठोकळवाडी ही धरणं आणि मुळशी तर टाटा पॉवर या खासगी कंपनीची. मालक खासगी आहे म्हणून धरण कच्चं, असं मुळीच नाही. धरणाकडे नियमाने जाऊन बघणारं कुणी आहे का, हा खरा प्रश्न आहे. मोठ्या धरणांना असं कुणीतरी असतं. छोट्या खासगी बांधांपैकी किती जणांना आहे, याची मला मनापासून काळजी वाटते.

माती पाणी कसं अडवते, ते आधी पाहू. चांगल्या मातीच्या धरणाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो. त्यातूनही पाणी झिरपतं, फक्त अतिशय सावकाश. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना मुरमाचा भराव असतो, तो वजन पेलतो. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार झेलायला दगडांचं पिचिंग करतात. खाली पायाच्या मातीत चर खणून गाभा कठीण थरापर्यंत नेतात, नाहीतर पाणी धरणाच्या बुडाखालून वाट काढतं. माती एकदम लोटायची नसते. वीतभर जाडीचे थर टाकायचे, ओलावा बेताचा ठेवायचा आणि प्रत्येक थर रोलरने दाबायचा. कोरडी माती नीट दबत नाही, फार ओली रोलरखाली नुसती सरकते. दोन दिवसांत पोकलेनने माती लोटून रचलेला बांध बाहेरून अगदी धरणासारखा दिसतो, पण आतून तो सैल ढिगारा असतो.

गाभ्याच्या मागे, म्हणजे तळ्याच्या उलट बाजूला, वाळूचा गाळणथर हवा. गाभ्यातून झिरपलेलं पाणी त्याने बाहेर जाऊ द्यायचं, मातीचे कण मात्र अडवायचे. वाळू किती बारीक असावी याचा नियम मृदा-यांत्रिकी या शास्त्राचा पाया घालणाऱ्या कार्ल तेर्झागी यांनी मांडला आणि थोड्याफार सुधारणांसह तो आजही वापरात आहे. स्वस्तात उरकलेल्या बांधातून सगळ्यात आधी हाच थर गायब होतो. तो पोटात असतो, कुणाला दिसत नाही.

मातीची धरणं प्रामुख्याने दोन कारणांनी फुटतात. जगभरच्या नोंदींमध्ये निम्म्याच्या आसपास धरणं माथ्यावरून पाणी वाहून फुटली आहेत आणि जवळपास तेवढीच आतून पोखरली जाऊन.

पहिलं कारण सांडव्याचं. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तरी ते बऱ्याचदा टिकतं. मातीच्या धरणावरून गेलं, तर मागचा उतार खरवडत ते धरण काही तासांत कापून काढतं. म्हणून जादा पाण्याला बाजूने वाट हवी (तोच सांडवा), आणि ती किती रुंद हवी हे तळ्याच्या आकारावरून ठरत नाही, तळ्याच्या वरच्या डोंगरावर पडणाऱ्या पावसावरून ठरतं. हिशेब करून पाहू. तळ्याच्या वर एक चौरस किलोमीटरचा डोंगर आहे आणि तासाला 100 मिलिमीटर पाऊस पडतोय. हा आकडा फुगवलेला नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. जमीन आधीच भिजलेली असल्याने जवळजवळ सगळं पाणी ओढ्यात उतरतं: तासाला एक लाख घनमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे 28 घनमीटर. दहा हजार लिटरचे जवळपास तीन टँकर, दर सेकंदाला. आता सांडवा तीन मीटर रुंद आहे आणि त्यावरून मीटरभर खोल पाणी वाहतंय असं धरा. नेहमीच्या सूत्राने त्यातून सेकंदाला पाचच घनमीटर बाहेर पडतात. उरलेले 23 तळ्यात साठतात. तळं दोन हेक्टरचं असेल, तर त्याची पातळी पंधरा मिनिटांत मीटरभर चढते. बांध वाचवायला अशा वेळी कुणाच्याही हातात काही उरत नाही.

हवाई बेटांवरच्या काउआईमध्ये नेमकं सांडव्याचंच दुखणं होतं. का लोको हे उसाला पाणी देण्यासाठी 1890 च्या सुमारास बांधलेलं मातीचं धरण पुढे खासगी मालकाच्या हाती आलं होतं. अनेक आठवड्यांच्या पावसानंतर 14 मार्च 2006 च्या पहाटे ते फुटलं आणि खाली राहणारी सात माणसं वाहून गेली. स्वतंत्र चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. धरणाचा सांडवा बहुधा माती टाकून बुजवला गेला होता. आणि सरकारी यादीत या धरणाची नोंद ‘कमी धोक्याचं’ अशी होती, तिथे तपासणीच झालेली नव्हती. सांडवा आहे की नाही हे कळायला कुठलं यंत्र लागत नाही. बांधावरून एक चक्कर मारली तरी पुरे होतं.

दुसरं कारण आत चालणाऱ्या पोखरणीचं, अभियंते त्याला पायपिंग म्हणतात. झिरपणारं पाणी मागच्या पायथ्याशी बाहेर पडताना मातीचे बारीक कण सोबत नेतं. तिथे बारीक पोकळी होते, तिच्यातून पाणी जास्त वेगाने येतं, जास्त माती नेतं. अशी ती पोकळी आत आत सरकत तळ्याकडे निघते. छोट्या बांधात हिची आवडती जागा म्हणजे पाणी सोडायला आरपार घातलेला पाइप. गोल पाइपाच्या खालच्या बाजूला रोलर पोचत नाही, माती सैल राहते आणि पाणी पाइपाला चिकटून वाट काढतं. भरावावर वाढू दिलेली झाडंही तशीच घातक. झाड वठलं की मुळं कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या उरतात. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, त्यानंतर खेकड्यांच्या बिळांची चर्चा झाली. बिळांनी भराव पोखरला जातो हे खरं आहे. पण बिळं दिसतात, पाझर दिसतो, आणि तिवऱ्यातल्या लोकांनी गळतीबद्दल आधीच तक्रारी केल्या होत्या. ते धरण सरकारी होतं. खासगी बांधाच्या बाबतीत तक्रार नेमकी कुणाकडे करायची, हेही खालच्या वस्तीला माहीत नसतं.

कायदा आहे. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 त्या वर्षाच्या डिसेंबरअखेर लागू झाला. त्यात मालक म्हणजे सरकार, महामंडळ, पालिका किंवा खासगी कंपनी, सगळेच येतात, आणि देखभालीची जबाबदारी मालकावर आहे. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा, ठरावीक काळाने स्वतंत्र तज्ज्ञांकडून मूल्यमापन, राज्य धरण सुरक्षा संघटनेची देखरेख, हे सगळं त्यात आहे. पण हा कायदा 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटरच्या धरणांना पुढीलपैकी एखादी अट पुरी झाली तरच: लांबी किमान 500 मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर, पुराचा विसर्ग सेकंदाला किमान 2000 घनमीटर, पाया विशेष अवघड किंवा रचना वेगळी. दहा मीटरच्या आतलं धरण या कायद्यात येतच नाही, मग खाली चार घरं असोत की चारशे.

मला ही आखणी अपुरी वाटते. पाण्याचा लोंढा धरणाची उंची विचारून घरात शिरत नाही. ब्रिटनमध्ये 2 नोव्हेंबर 1925 ला वेल्समधल्या डॉलगारॉग गावावर एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीची दोन धरणं एकामागून एक फुटली. वरच्याचं पाणी खालच्या मातीच्या धरणावर आदळलं आणि 16 माणसं गेली. त्यानंतर 1930 मध्ये तिथे जलाशय सुरक्षेचा कायदा आला. पुढे 1975 च्या कायद्यातही मोजमाप उंचीचं नव्हतं, जमिनीच्या वर साठवलेल्या पाण्याचं होतं, आणि मर्यादा 25,000 घनमीटर होती. वेल्सने 2016 मध्ये ती 10,000 वर आणली. अमेरिकेच्या राष्ट्रीय यादीतली निम्म्याहून अधिक धरणं खासगी आहेत. तिथे धरणाचा धोक्याचा वर्ग ठरतो तो फुटल्यावर खाली काय होईल यावरून. आपल्याकडे छोट्या बांधांची साधी जिल्हावार यादी झाली, उंची, साठा, सांडव्याची रुंदी आणि खालची घरं एवढे चार रकाने भरले गेले, तरी कुठे आधी जायचं ते तहसील कचेरीला कळेल. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, त्यामुळे असं काम सुरू करायला दिल्लीची वाट पाहायची गरज नाही.

अशा बांधाखाली राहणाऱ्यांनी काय बघावं? मागच्या पायथ्याशी नितळ पाणी झिरपत असेल आणि दरवर्षी तेवढंच असेल, तर बहुधा निचरा आपलं काम करतोय. ते एकाएकी वाढलं किंवा गढूळ झालं, तर धरणाची माती वाहून चालली आहे. माथ्यावर लांब भेग, मध्येच खचलेली जागा, मागच्या उतारावर आलेला फुगवटा, सांडव्यात टाकलेला राडारोडा किंवा मासे अडवायला लावलेली जाळी, या सगळ्या लगेच कळवायच्या गोष्टी. गढूळ पाण्याचं तोंड माती कोंबून किंवा सिमेंटने बुजवू नये. आत दाब वाढतो आणि पाणी शेजारून फुटतं. मालकाने किंवा अभियंत्याने त्या तोंडावर आधी जाड वाळू, मग खडी, मग दगड असा उलटा गाळणथर रचायचा, म्हणजे पाणी येत राहतं आणि माती थांबते. सोबत तळ्याची पातळी उतरवायची. गावकऱ्यांनी मात्र आधी ओढ्याकाठची घरं रिकामी करायची आणि जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077 वर कळवायचं. फोनवर बांधाची जागा, पाण्याचा रंग आणि खाली किती घरं आहेत, एवढं आधी सांगावं.