बारीक माणसाला शुगर होत नाही?

‘अंगावर मांस नाही, त्याला कुठली शुगर!’ हे पटतं, कारण लठ्ठपणाने धोका वाढतो हे खरंच आहे. पण काटा फक्त वजन सांगतो, चरबी कुठे साठली ते नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढं पुढे, ही ठेवण आपल्याकडे सर्रास दिसते. पोटातली, यकृतातली ती चरबी इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाचं, काम अडवते. त्यात स्नायू कमी, म्हणजे साखर सामावायला जागाही कमी.

श्वास सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा. (पँटचा नंबर धरू नका, पँट पोटाखाली असते!) भारतीय पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपासून धोका धरतात. घरात मधुमेह असेल तर कंबर कमी भरली तरी उपाशीपोटी रक्तातली साखर तपासा: १०० ते १२५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) म्हणजे उंबरठ्यावर, १२६ किंवा जास्त, तीही दोनदा आली, तर मधुमेह.