एक्सव्ही६ प्रयोगमाला

एक्सव्ही६ प्रयोगमाला : ऑपरेटिंग सिस्टीमची अवजारे व अंतर्रचना शिकवण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत (एमआयटी) घडलेला प्रात्यक्षिकप्रधान अभ्यासक्रम. एक्सव्ही६ या शिकवण्यासाठीच लिहिलेल्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमचे दहा हजार ओळींच्या आत बसणारे कर्नेल (म्हणजे तिचा गाभा) विद्यार्थी वाचतो, त्यात भर घालतो आणि ते क्यूईएमयू या एम्युलेटरवर (दुसऱ्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर) चालवून पाहतो.

या परंपरेचा आरंभ सहसा जॉन लायन्स यांच्यापासून मोजतात. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात त्यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या सहाव्या आवृत्तीचा (१९७५) सुमारे नऊ हजार ओळींचा कोड व त्यावरील भाष्य १९७६–७७ च्या सुमारास वर्गासाठी छापले. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने (१९७९) कोड वर्गात शिकवण्यास मनाई केली. ती पोकळी अँड्र्यू टॅनेनबॉम यांच्या मिनिक्स या शिकवणीसाठीच्या छोट्या सिस्टीमने (१९८७) भरून काढली. एमआयटीतही २००२ पासून सहावी आवृत्ती व लायन्स यांचे भाष्यच वाचले जाई. पण पीडीपी-११ या जुन्या संगणकाची असेंब्ली (यंत्राजवळची भाषा) विद्यार्थ्यांना परकी, शिवाय प्रयोगांसाठी एक्स८६ (इंटेल धाटणीचा प्रोसेसर) वेगळे शिकावे लागे. म्हणून २००६ च्या उन्हाळ्यात फ्रान्स काशूक, रॉबर्ट मॉरिस व रस कॉक्स यांनी त्याच रचनेचे एक्सव्ही६ आधुनिक सी भाषेत लिहिले.

वंशावळ मात्र वाटते तितकी सरळ नाही. २०१८ पर्यंत एक्सव्ही६ मुख्यतः व्याख्यानांत वाचले जाई आणि मोठे प्रयोग जेओएस या वेगळ्या, एक्सोकर्नेल धाटणीच्या (बरेचसे काम वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमवर सोपवणाऱ्या) सांगाड्यावर होत. २०१९ मध्ये एक्सव्ही६ रिस्क-व्ही प्रोसेसरवर नेण्यात आले आणि पदवीस्तरीय अभ्यासक्रम वेगळा झाला, तेव्हा प्रयोगही त्याच्यावर आले. त्यामुळे वाचनाची परंपरा लायन्स यांची आणि प्रयोगांची जेओएसची, असे मानणे अधिक युक्त ठरते. बर्कलीचे नाचोस (१९९२) व स्टॅनफर्डचे पिंटोस (२००४) या शिकवणीच्या सिस्टीम म्हणजे समांतर शाखा होत.

पहिला प्रयोग कर्नेलला हात लावत नाही. स्लीप, फाइंड, एक्सआर्ग्ससारखी छोटी अवजारे लिहायची असतात. त्यातला कस पाहणारा भाग म्हणजे पाइपांच्या (एका प्रक्रियेची, म्हणजे चालू प्रोग्रॅमची, माहिती दुसरीकडे नेणाऱ्या वाहिन्यांच्या) साखळीने मूळ संख्या गाळणे. ही कल्पना युनिक्समधील पाइपांचे जनक डग मॅकिलरॉय यांची. प्रत्येक मूळ संख्येसाठी एक प्रक्रिया, शेजारच्या दोघींत एक पाइप. एका प्रक्रियेला १६ फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचे वा पाइपच्या टोकाचे क्रमांक) मिळतात. फोर्कनंतर (प्रक्रियेची प्रत काढल्यावर) नको असलेली टोके बंद केली नाहीत, तर तीन मानक (इनपुट, आउटपुट, त्रुटी) व सहा पाइपांचे बारा मिळून पंधरा भरतात आणि सातवा पाइप उघडतच नाही. याहून फसवी चूक म्हणजे वाचणाऱ्या प्रक्रियेने लिहिण्याच्या टोकाची स्वतःची प्रत उघडी ठेवणे. ते टोक सर्वांनी बंद केल्याशिवाय रीड हा कॉल शून्य (म्हणजे ‘संपले’) परत देत नाही, म्हणून ती प्रक्रिया अडकून पडते. पडद्यावर तक्रार उमटत नाही. पालकप्रक्रियेने वेट केले (बालप्रक्रिया संपण्याची वाट पाहिली) नाही तर साखळी संपण्याआधीच शेलचा प्रॉम्प्ट दिसू लागतो.

दुसऱ्या प्रयोगात नवा सिस्टीम कॉल (प्रोग्रॅमने कर्नेलकडून काम करून घेण्याची विनंती) घालायचा असतो. मूळचे २१ असल्याने नव्याला २२ हा क्रमांक मिळतो. त्यासाठी युझर.एच मध्ये प्रोटोटाइप (फंक्शनची घोषणा), यूसिस.पीएल मध्ये स्टब (कर्नेलला हाक देणारा छोटा तुकडा), सिसकॉल.एच मध्ये क्रमांक, सिसकॉल.सी च्या कोष्टकात नोंद आणि प्रत्यक्ष फंक्शन एवढे लागते. विसरल्याची खूण दर ठिकाणी वेगळी: प्रोटोटाइप नसेल तर कंपायलर अडतो, स्टब नसेल तर लिंकर, आणि कोष्टकातील नोंद राहिली तर सगळे सुरळीत बांधले जाऊन चालताना ‘अननोन सिस कॉल २२’ छापून येते. ट्रेस हा कॉल प्रक्रियेच्या सिस्टीम कॉलांचा माग छापतो; कोणते छापायचे ते सांगणारा त्याचा मास्क फोर्कमध्ये बालप्रक्रियेकडे उतरवावा लागतो. तो उतरवला नाही आणि प्रक्रिया संपतानाही पुसला नाही, तर तीच जागा मिळालेली पुढची प्रक्रियाही माग देऊ लागते.

कॉपी-ऑन-राइट फोर्क (पाने आधी सामाईक ठेवून लिहितानाच प्रत काढणारा) हा सर्वांत शिकवणारा प्रयोग म्हणावा लागेल. १२८ मेगाबाइट स्मृतीत ४०९६ बाइटांची ३२,७६८ पाने बसतात व प्रत्येकाचा संदर्भ-गणक (ते पान किती जण वापरतात तो आकडा) ठेवायचा असतो. सुरुवातीलाच कर्नेल सगळी मोकळी पाने केफ्री या फंक्शनमधून मुक्त यादीत टाकते. त्याआधी गणक १ केला नसेल तर तो उणे होतो, यादी रिकामी राहते आणि सिस्टीम उभीच राहत नाही. दुसरा खळगा कॉपीआउट या फंक्शनचा. कर्नेल वापरकर्त्याच्या पानावर स्वतःच्या पत्त्यावरून लिहिते, त्यामुळे पेज फॉल्ट (परवानगी नसलेल्या पानाला हात लागल्याची सूचना) येत नाही आणि सामाईक पान मुकाट्याने बिघडते. चाचणीतला फाइलचा भाग इथेच नापास होतो.

दोष शोधताना एससीकॉज हे रजिस्टर आधी पाहावे: १३ म्हणजे वाचताना, १५ म्हणजे लिहिताना आलेला पेज फॉल्ट. एसईपीसी या रजिस्टरमधील (चूक झाली त्या आज्ञेचा) पत्ता अॅडर२लाइन या अवजाराला दिला की ओळ क्रमांक मिळतो. मुक्त केलेले पान ०१ ने व नव्याने दिलेले ०५ ने मुद्दाम भरले जाते; पॉइंटरमध्ये ०५०५०५०५ दिसले तर पान घेतले पण त्यात काही लिहिलेच नाही, असे समजावे. जीडीबी या डिबगरसाठी (दोष शोधण्याच्या अवजारासाठी) दोन खिडक्या लागतात. ‘मेक क्यूईएमयू-जीडीबी’ एकीत, डिबगर दुसरीत. प्रोसेसर एकच ठेवावा, एरवी तीन चालतात आणि पावलागणिक उडी दुसरीकडेच जाते. जीडीबी प्रकल्पातली मांडणी-फाइल वाचण्यास नकार देत असेल, तर होम डिरेक्टरीतील फाइलमध्ये तो मार्ग सुरक्षित म्हणून नोंदवावा. क्यूईएमयूतून बाहेर पडण्यासाठी कंट्रोल-ए व मग एक्स. प्रक्रियांची यादी कंट्रोल-पी ने दिसते.

फाइल सिस्टीमच्या प्रयोगात फाइलची कमाल मर्यादा २६८ ब्लॉकांवरून (१२ थेट, २५६ अप्रत्यक्ष) एका थेट जागेच्या बदल्यात दुहेरी अप्रत्यक्ष ब्लॉक देऊन ६५,८०३ वर नेतात. लॉक, एममॅप (फाइल स्मृतीत जोडणे) व नेटवर्क ड्रायव्हर हे पुढचे प्रयोग.

भारतात मुंबईच्या आयआयटीत एक्सव्ही६ वर शिकवले जाते. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकी प्रात्यक्षिकांत मात्र राउंड रॉबिनसारखे (आळीपाळीने वेळ देणारे) शेड्युलिंग किंवा एलआरयू (सर्वाधिक काळ न वापरलेले पान काढणारा) पृष्ठबदल साध्या प्रोग्रॅममध्ये अनुकरणाने करून दाखवण्याची रीत आहे. त्यात गणित पक्के होते, कर्नेलशी गाठ पडत नाही.