हायड्रोजन उसनवारी

धातूच्या उत्प्रेरकाने अल्कोहॉलातून हायड्रोजन तात्पुरता काढून घ्यायचा, मधल्या अवस्थेत नवा कार्बन-कार्बन बंध जुळू द्यायचा आणि तोच हायड्रोजन परत करायचा, अशी कार्बनी संश्लेषणाची पद्धती.

अल्कोहॉल मुबलक आणि हाताळायला सोपे, पण त्याचा हायड्रॉक्सिल गट सहजी सुटत नाही. म्हणून एरवी आधी त्याचे हॅलाइड (क्लोरीन, ब्रोमीन यांसारखा अणू जोडलेले संयुग) करावे लागते आणि बंध जुळल्यावर लवणाचा कचरा उरतो. उसनवारीत धातू ऑक्सिजनवरचा एक व शेजारच्या कार्बनावरचा एक असे दोन हायड्रोजन उचलतो. अल्कोहॉलाचे आल्डिहाइड झाले की क्षारकाच्या मदतीने ते कीटोनाशी संघनन पावते, म्हणजे दोन्ही रेणू जुळून पाणी बाहेर पडते, आणि असंतृप्त, म्हणजे कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेला, कीटोन तयार होतो. धातूजवळचा हायड्रोजन या नव्या दुहेरी बंधावर जाऊन बसतो. बाहेरून ना ऑक्सिडीकारक लागतो, ना क्षपणकारक. मागे उरते ते पाणी. पद्धतीचे खरे सौंदर्य या चोख हिशेबात आहे.

मूळ कल्पना जुनी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेल गेर्बे यांनी १८९९ मध्ये अल्कोहॉलाचे दोन रेणू जोडून मोठे अल्कोहॉल मिळवले. गेर्बे विक्रियेने ९२ ग्रॅम एथेनॉलाचे पूर्ण रूपांतर झाले, तर ७४ ग्रॅम ब्युटेनॉल व १८ ग्रॅम पाणी मिळेल. विरघळणाऱ्या धातु-संयुगांनी नायट्राइलांवर (कार्बन-नायट्रोजन तिहेरी बंध असलेल्या संयुगांवर) अल्कोहॉलाचा कार्बन जोडण्याचे काम रोनाल्ड ग्रिग यांच्या गटाने १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. रुथेनियम व इरिडियम हे पुढेही नेहमीचे धातू राहिले. ते दुर्मीळ असल्याने लोह, कोबाल्ट यांच्याकडे लक्ष वळले आणि २०१६ मध्ये मँगॅनीजच्या संयुगानेही कीटोनांचे अल्किलीकरण, म्हणजे त्यांवर कार्बनगट जोडणे, साधले.

मिथेनॉल मात्र हट्टी आहे. त्यातून हायड्रोजन काढायला मोलमागे सुमारे ८४ किलोज्यूल लागतात, एथेनॉलाला सुमारे ६८. एकाच कार्बनाची भर घालायची तर तेच हवे असते, त्यामुळे त्यावर बरीच मेहनत घेतली गेली आहे.

वरील विक्रियांत जोडणाऱ्या अल्कोहॉलाचा ऑक्सिजन पाण्यात जातो. मायकेल क्रिश यांच्या गटाने २००८ मध्ये इरिडियमाच्या साहाय्याने अल्कोहॉल व ॲलिल ॲसिटेट जोडले, तेव्हा तो टिकला: नवा बंध हायड्रॉक्सिल असलेल्या कार्बनावरच आला आणि प्राथमिक अल्कोहॉलाचे द्वितीयक अल्कोहॉल झाले. योग्य किरल लिगँड (धातूला जोडलेला, आपल्या आरशातील प्रतिमेशी न जुळणारा रेणू) वापरल्यास दोन आरशी रूपांपैकी एकच प्रामुख्याने मिळते.