जड अणू मोठाच असेल असं नाही

वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू वजनाने वेगळे असतात हे डाल्टनने 1808 मध्ये मांडलं. आकारही वेगळे असावेत असं त्याला वाटत होतं, पण ते मोजायची सोय नव्हती. मग जितका अणू जड तितका मोठा, असा सोपा अंदाज कुणीही बांधेल.

1870 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायरने अणुभाराला घनतेने भागून आलेख काढला आणि हा अंदाज कोसळला. अणुभाराइतके ग्रॅम, म्हणजे 23 ग्रॅम सोडियम सुमारे 24 घनसेंटिमीटर जागा घेतं. 27 ग्रॅम अॅल्युमिनियम मात्र 10 घनसेंटिमीटरमध्ये मावतं, आणि अणूंची संख्या दोन्हींत सारखीच! आलेखाची रेषा लाटेसारखी वरखाली होत होती आणि प्रत्येक शिखरावर सोडियम, पोटॅशियम यांसारखे अल्क धातू बसले होते. असं का, हे सांगायला तेव्हा इलेक्ट्रॉनचाही पत्ता नव्हता.

कारण कळलं ते 1911 च्या रदरफर्डच्या केंद्रकानंतर, इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती थराथरांत, म्हणजे कवचांत असतात या बोरच्या कल्पनेतून. आवर्तसारणीच्या आडव्या ओळीत, म्हणजे आवर्तात, डावीकडून उजवीकडे जाताना केंद्रकाचा धनप्रभार वाढत जातो, नवे इलेक्ट्रॉन मात्र त्याच कवचात भरतात. ओढ वाढते, अणू आक्रसतो. उभ्या स्तंभात, म्हणजे गणात, खाली उतरलं की नवं कवच उघडतं आणि अणू फुगतो. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ किती अडवतात, हाही हिशोब त्यात येतो.

तो अडसर तोकडा पडला तर काय होतं, हे गणात झिर्कोनियमच्या खाली असलेल्या हाफ्नियम या धातूत दिसतं. 1923 मध्ये कोपनहेगनला कोस्टर आणि हेवेशी यांनी ते झिर्कोनियमच्या खनिजात शोधलं. हाफ्नियमचा अणुभार झिर्कोनियमच्या जवळजवळ दुप्पट, तरी दोघांच्या अणूंची त्रिज्या सुमारे 160 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा लाख कोटीवा भाग). आवर्तसारणीत हाफ्नियमच्या आधी येणाऱ्या 14 लँथॅनाइड मूलद्रव्यांमध्ये आतल्या कवचात भरलेले f-प्रकारचे इलेक्ट्रॉन केंद्रकाला नीट झाकत नाहीत, म्हणून हे आकुंचन. रसायनात ही दोन मूलद्रव्यं इतकी सारखी वागतात की त्यांना वेगळं करणं आजही जिकिरीचं आहे.

मोजणीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. क्ष-किरणांनी स्फटिकातल्या दोन केंद्रकांमधलं अंतर चोख मिळतं. मिठात ते 282 पिकोमीटर आहे. पण त्यातलं सोडियमचं किती आणि क्लोरीनचं किती? क्ष-किरणांवर काम करणाऱ्या ब्रॅग पिता-पुत्रांतल्या धाकट्याने 1920 मध्ये अणू एकमेकांना टेकलेले गोळे मानून वाटणी केली; पुढे गोल्डश्मिट आणि पॉलिंग यांनी ती बदलली. आज सोडियम आयनाच्या (प्रभार असलेल्या अणूच्या) वाट्याला सुमारे 102 आणि क्लोराइडच्या वाट्याला सुमारे 181 येतात. सुटा सोडियम अणू क्लोरीनच्या अणूपेक्षा मोठा असतो. मिठात मात्र बाहेरचा इलेक्ट्रॉन गमावून तोच लहान ठरतो.

इलेक्ट्रॉनांच्या ढगाला ठाम कडच नसते. त्यामुळे तक्त्यातली त्रिज्या धातूतली, सहसंयुज बंधातली (इलेक्ट्रॉन वाटून घेणाऱ्या अणूंची) की व्हॅन डर वाल्सची (बंध नसता नुसत्या टेकलेल्या अणूंची), हे आधी पाहावं लागतं.