तीस दिवसांची साधना आणि ‘उदासीन’ या शब्दाचा घोळ

पाम्प्लोनाच्या वेढ्यात 1521 मध्ये पाय मोडलेला बास्क सरदार इग्नेशियस लोयोला (पुढे जेसुइट संघाचा संस्थापक), अंथरुणावर वाचलेली संतचरित्रे, मग मानरेसातला एकांत: त्याच्या नावाने चालणाऱ्या इग्नेशियन साधनेचा उगम अनेकदा सांगून झालेला आहे. तिथली टिपणे पोपच्या मान्यतेने 1548 मध्ये छापली गेली. गोव्यात मात्र साधना पुस्तकाच्या आधी आली. ती केलेला पहिला धर्मगुरू, फ्रान्सिस झेवियर, 1542 मध्येच तिथे उतरला होता.

पुस्तक मुळात साधना करवून घेणाऱ्या मार्गदर्शकासाठी आहे. साधकाने ते वाचून काढले तर हाती काही लागत नाही. चार ‘आठवडे’ सात-सात दिवसांचे नसतात. साधकाच्या गतीनुसार ते लांबतात किंवा आखडतात, एकूण साधारण 30 दिवस. पहिल्यात पापाची जाणीव, दुसऱ्यात ख्रिस्ताचे आयुष्य, तिसऱ्यात त्याचे दुःखसहन, चौथ्यात पुनरुत्थान. रोज तासाभराच्या चार-पाच प्रार्थना. पुष्कळ माहितीने आत्म्याची भूक भागत नाही, आतून चव घेतल्याने भागते, असे पुस्तकाच्या आरंभीच्या सूचनांपैकी दुसरीच टीप सांगते. म्हणून जिथे मन भरून आले किंवा कोरडे पडले, त्याच जागी पुन्हा जायचे असते. ही पुनरावृत्ती कंटाळवाणी म्हणून गाळली की रिट्रीटचे, म्हणजे या एकांतसाधनेचे, व्याख्यान होते.

खरा गुंता आहे तो आरंभीच्या ‘मूलतत्त्वा’तल्या एका शब्दाचा. माणूस देवासाठी निर्माण झाला. बाकी सारे त्या वाटेवर मदत करील तेवढेच घ्यावे, अडवील तेवढे सोडावे. म्हणून आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, मान की अपमान, दीर्घायुष्य की अल्पायुष्य, यांबाबत ‘इंदिफेरेन्तेस’ व्हावे, असे मूळ स्पॅनिश सांगते. मराठीत याला पहिला शब्द सुचतो ‘उदासीन’. ‘उदास विचारें वेच करी’ हा चरण ज्याला पाठ आहे, त्याला त्यातला अलिप्तपणा कळेल. पण आजच्या बोलीत उदासीन म्हणजे खिन्न, नाहीतर बेफिकीर. ‘तटस्थ’ म्हटले की काठावर उभा राहिलेला माणूस दिसतो. ‘अनासक्त’ त्यातल्या त्यात बरा, पण तो इच्छा मारण्याकडे झुकतो, आणि इथेच चूक होते. या साधनेत प्रत्येक प्रार्थनेच्या सुरुवातीला ‘मला काय हवे आहे’ ते मागावेच लागते. इच्छा विझवायची नसते; ती थोडक्यावर अडकली असेल तर तिथून सोडवायची असते.

याचा नमुना दुसऱ्या आठवड्यात येतो. तीन प्रकारच्या माणसांनी दहा-दहा हजार डुकट (सोन्याची नाणी) मिळवले आहेत, निव्वळ देवाच्या प्रेमापोटी नव्हे. पैशाची ओढ तिघांनाही सुटायला हवी आहे. पहिला मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्याला ओढ सोडायची आहे पण पैसा ठेवून, म्हणजे देवानेच त्याच्याकडे यावे. तिसरा ठेवणे आणि सोडणे दोन्ही देवाच्या इच्छेवर टाकतो. बहुतेक भाविक दुसऱ्यात बसतात, आणि आपण तिसरे आहोत असे समजतात.

जेसुइट संघ 1773 मध्ये विसर्जित झाला, 1814 मध्ये परत आला. पुढे गटापुढे प्रवचने देण्याचीच रीत पक्की झाली. सोयीची होती, पण तिने साधनेचा जीव घेतला. एकेका साधकाला वेगळे भेटण्याची मूळ पद्धत 1960 च्या दशकात परतली. पुढच्या दशकात पुण्यात सुरू होऊन नंतर लोणावळ्याला गेलेल्या एका केंद्राने तिला श्वास, मौन आणि देहभानाची जोड दिली. रोमला अशा मिश्रणांची काळजी वाटत होतीच. 1989 च्या पत्रात बजावले गेले, की आसन-श्वासाने येणारी स्वस्थता म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन समजू नये. पत्रावर पुष्कळ नाराजी झाली. तरी मुद्दा साधनेच्या आतलाच आहे: पैशासारखीच शांतताही देवाची जागा घेऊ शकते.

ज्यांना महिनाभर घर सोडता येत नाही, त्यांच्यासाठी एकोणिसावी टीप आहे: रोज दीड तास, कामधंदा सांभाळून. हल्ली त्याला साधारण तीस आठवडे लागतात. मन कोरडे पडले की वेळ कमी करण्याचा मोह होतो; अशा वेळी तास पुरा करून थोडे जास्तच बसायचे आणि आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. मार्गदर्शकालाही बंधन आहे. साधना चालू असताना साधकाला व्रताकडे किंवा संन्यासाकडे त्याने ढकलायचे नाही.